लक्ष देणे आणि लक्ष लागणे

मराठीत लक्ष द्यावे लागते आणि ते लागतेही. वर्गातील अवधान व स्वनियमन (स्वतःच्या वागण्याला स्वतःच वळण लावणे) यांविषयीच्या विचारांचा इतिहास बराचसा या दोन क्रियापदांमधला आहे. ‘छडी लागे छमछम’च्या शाळेत लक्ष ही विद्यार्थ्याने देण्याची, न दिल्यास वसूल करण्याची बाब होती. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने २००९ मध्ये शारीरिक शिक्षेला मनाई केली; पर्यायाचा शोध मात्र शतकभर आधीच सुरू झाला होता.

६ जानेवारी १९०७ रोजी इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत बालगृह उघडले. तेथे सुमारे तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्याच्या खाचांत त्या-त्या मापाचे दट्टे बसवण्यात गढून गेली होती. इतर मुलांना गायला लावले, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी तिचे काम चालूच राहिले आणि चाळीसहून अधिक आवर्तने झाल्यावर ती आपणहून थांबली. योग्य साधन पुढे ठेवावे आणि मग मध्ये पडू नये, हे शिक्षकाचे काम यातून ठरले. त्यातला दुसरा भाग आजही अधिक अवघड जातो. माँटेसरींच्या शांततेच्या खेळात मुले निश्चल बसत आणि कुजबुजत्या आवाजात आपले नाव ऐकू आले की पाय न वाजवता उठून जात.

गुजराती शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले आणि ताराबाई मोडक यांच्यासह हा विचार येथे रुजवला. १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला ताराबाई व अनुताई वाघ यांनी महागड्या साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे वापरले. गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणावर नेली. मूल शाळेत टिकत नसेल, तर दोष त्याच्या चंचलपणात न शोधता शाळेच्या मांडणीत शोधावा, असा त्याचा अर्थ होता.

रशियात मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांनी मुलांचे स्वतःशी पुटपुटणे हे स्वतःच्या कृतीला वळण लावण्याचे साधन मानले. ते पटले, तर गणित करताना पुटपुटणाऱ्या मुलाला गप्प करणे चुकीचे ठरते.

पुढे अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांच्या प्रयोगांत आत्ताचा थोडा खाऊ न घेता थांबल्यास नंतर जास्त मिळे; खाऊ नजरेआड ठेवला की मुले जास्त वेळ थांबू शकली. त्या संयमावरून पुढील यशाचे भाकीत करण्याची टूम निघाली. पण २०१८ मध्ये नऊशेंहून अधिक मुलांच्या अभ्यासात घरची परिस्थिती व इतर घटक हिशेबात घेताच हा संबंध बराच क्षीण झाला.