बॅकअप सर्व्हरवरचा डिस्कचा पूल आतून कसा असतो

बॅकअप सर्व्हरवर प्रत्येक डिस्क सुटी वापरली की फार कटकट होते, एक गच्च भरलेली, दुसरी अर्धी रिकामी आणि मोठी फाइल आली की मावेल अशी जागा कुठेच नाही. म्हणून सगळ्या डिस्क मिळून एक पूल करतात. मी झेडएफएस वापरतो (ही फाइल सिस्टिम डिस्कचा पूलही स्वतःच सांभाळते) त्यामुळे त्याचंच सांगतो. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू एहरेन्स यांनी २००१ मध्ये त्याचं काम सुरू केलं, २००५ मध्ये कोड खुला झाला आणि आज ओपनझेडएफएस म्हणून ते लिनक्स, फ्रीबीएसडीवर चालतं.

आता मुख्य गोष्ट. पूलमध्ये आधी डिस्कचे ग्रुप असतात, त्यांना व्हीडेव्ह म्हणतात, आणि डिस्क गेली तर डेटा वाचवायची सोय या ग्रुपच्या आत असते, पूलच्या पातळीवर नाही. ८ टीबीच्या ६ डिस्कचा रेडझेड-२ ग्रुप केला तर त्यातल्या कुठल्याही २ गेल्या तरी चालतं, बदल्यात २ डिस्कएवढी जागा पॅरिटीला, म्हणजे गेलेला डेटा परत काढता यावा म्हणून ठेवलेल्या जादा माहितीला जाते आणि हातात ३२ टीबी उरतात (स्क्रीनवर २९ च्या आसपास दिसतात, कारण तिथे हिशोब १०२४ चा). पण पूल डेटा सगळ्या ग्रुपवर पसरून लिहितो, म्हणून एक ग्रुप पूर्ण गेला की अख्खा पूल गेला!

मी पूर्वी जिथे होतो तिथे हे झालेलं. जागा संपत आली म्हणून कोणीतरी घाईत रेडझेड-२ च्या पूलला एक सुटी डिस्क जोडली, कमांडने आधी नकार दिला होता, तरी फोर्स लावून रेटलं. जागा वाढली, सगळे खूश, पण ती एकटी डिस्कच एक वेगळा ग्रुप झाली, म्हणजे आता सगळ्या बॅकअपचा जीव त्या एका डिस्कवर, आणि रेडझेड असलेल्या पूलमधून ती परत काढताही येत नाही. तातडीने तिला जोडीला दुसरी डिस्क लावून मिरर केला (दोन्हींवर तोच डेटा), मग सवडीने सगळा डेटा हलवून पूल नव्याने बांधला.

जागेचं अजून एक. झेडएफएस जुन्या ब्लॉकवर लिहीत नाही, बदल नेहमी नव्या जागी लिहितं, त्यामुळे पूल भरत आला की मोकळी जागा शोधण्यातच वेळ जातो. ८०% च्या पुढे मी जाऊ देत नाही. आणि जुने बॅकअप डिलीट करूनही जागा सुटत नसेल तर आधी स्नॅपशॉट (त्या त्या वेळची डेटाची गोठवलेली स्थिती) बघा, ते ब्लॉक तिथे धरून ठेवलेले असतात.

स्क्रब मात्र चुकवू नका, कारण बॅकअप वर्षानुवर्षं कोणी उघडतच नाही आणि डिस्कवरचा एखादा बिट बिघडला तर कळणार कसं? स्क्रब लिहिलेला प्रत्येक ब्लॉक वाचतं, चेकसमशी (लिहिताना काढून ठेवलेल्या पडताळणीच्या आकड्याशी) ताडून बघतं आणि चुकला असेल तर पॅरिटीवरून दुरुस्त करतं. मी महिन्यातून एकदा लावतो. मागे एकदा स्टेटस बघितलं तर एका डिस्कसमोर चुकांचे आकडे: रीड ०, राइट ०, चेकसम १४. डिस्क गेली असंच वाटलं, पण आधी साटा केबल बदलली, काउंटर क्लिअर केले, परत स्क्रब लावलं, रात्रभर चाललं आणि सकाळी तिथे ०. डिस्क अजून तीच आहे.