वडा तेल कधी पितो?

‘बाहेरचं खाऊ नका’ असं सांगणाऱ्याच्या घरी ओटा असतो, गॅस असतो आणि सकाळी सातला डबा भरून देणारं कुणीतरी असतं. दहा बाय दहाच्या खोलीत चौघांत राहणाऱ्या नाका कामगाराचं दुपारचं जेवण म्हणजे दोन वडापाव आणि एक कटिंग. त्याचं हॉटेल म्हणजे वडापावची गाडीच. लॉस एंजेलिसने २००८ मध्ये शहराच्या दक्षिणेकडच्या गरीब वस्त्यांत नवी फास्टफूड दुकानं उघडायला बंदी घातली. तिथला लठ्ठपणा त्यानंतरही वाढतच राहिला. जुनी दुकानं आणि त्यांच्या कढया होत्या तिथेच होत्या ना! म्हणून आपण थेट कढईत डोकावू.

वडा तेल कधी पितो? दहातले नऊ जण म्हणतील, तळताना. तसं नाही. बेसनाचा घोळ १७५ अंशांच्या तेलात पडला की त्यातलं पाणी उकळतं आणि वाफ जोराने बाहेर सुटते. ते बुडबुडे म्हणजे वड्याची ढाल. वाफ बाहेर पडत असते तोवर तेलाला आत शिरायला फारशी वाट नसते. खरी गंमत झाऱ्याने वडा वर काढल्यावर होते. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे १,७०० पट फुगतं. आता उलटा प्रवास सुरू होतो. कवचाच्या छिद्रांतली वाफ निवून आकसते, आत पोकळी होते आणि बाहेर चिकटलेलं तेल पिचकारीत पाणी ओढावं तसं आत ओढलं जातं. म्हणजे वडा तेल पितो ते मुख्यतः कढईबाहेर आल्यावर, पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांत. म्हणून झारा कढईवरच दोनदा झटकायचा. गरम वड्यांचा परातीत ढीग घातला, तर खालचे वडे वरच्यांचं तेल पितात.

आता वड्याला किती तेल चिकटून राहणार, हे तेलाच्या वयावर ठरतं. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या दांडीला लटकलेली तीन मेदाम्लं. घोळातल्या पाण्याने त्यातलं एखादं तुटतं आणि मागे पाण्याशी जमवून घेणारं टोक उरतं, थोडंसं साबणासारखं. हवेतला ऑक्सिजन दुहेरी बंधांपाशी हल्ला करतो, तुटके रेणू एकमेकांना जुळून लांब साखळ्या होतात आणि तेल दाटतं. साबणासारखे रेणू तेल-पाण्यातला दुरावा कमी करतात, दाट तेल निथळत नाही. म्हणून जुन्या तेलातला वडा जास्त तेल घेतो. ओळखायला यंत्र लागत नाही. ताज्या तेलात बुडबुडे मोठे असतात आणि पटकन फुटतात. थकलेल्या तेलावर बारीक फेस रेंगाळतो.

या तुटक्या-जुळलेल्या रेणूंना ध्रुवीय संयुगं म्हणतात. १ जुलै २०१८ पासून आपल्याकडे तळणाच्या तेलात त्यांची मर्यादा २५ टक्के आहे. विद्युतक्षेत्रात हे रेणू कसे वळतात यावरून मोजणारं हातातलं मीटर मिळतं, पण गाडीवाला ते घेणार कशाला? गाडीला दर शनिवारी नवी लिंबू-मिरची लागते, तेल मात्र गेल्या शनिवारचंच असतं. दुसरीकडे, ‘हृदयाला हितकर’ अशी जाहिरात असलेलं सूर्यफूल तेल दहा तास पेटत्या कढईत घातलं, तर त्यातलं भरपूर लिनोलेइक आम्ल, म्हणजे दोन दुहेरी बंधांचं मेदाम्ल, फार लवकर ऑक्सिडीकृत होतं. पामतेल तग धरतं, पण ते जवळपास निम्मं संपृक्त, म्हणजे हृदयाला न मानवणारा मेद. फुकट काही मिळत नाही.

आमच्या स्टेशनाबाहेरच्या गाडीवरचे काका एक गोष्ट नकळत बरोबर करतात. प्रत्येक घाण्यानंतर ते तेलातला चुरा काढतात, कारण पावात लसणाची चटणी घालून तो चुराही खपतो. तेलात राहून जळणारा चुरा तेलाचं आयुष्य कमी करतो, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना मौज वाटली. मग म्हटलं, काल रात्रीच्या तेलावर सकाळी नव्याची भर घालू नका. जुन्यातले पेरॉक्साइड, म्हणजे ऑक्सिजनच्या हल्ल्यातून तयार झालेले रेणू, नव्या तेलाला विरजण लावल्यासारखे बिघडवतात.

“मग कालचं टाकू कुठे, दादा?”

वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायची योजना २०१८ पासून आहे. पण तळणाच्या तेलाची नोंद ठेवून ते अधिकृत संकलकाला देण्याचा नियम दिवसाला ५० लिटरच्या वर तेल वापरणाऱ्यांना. काकांचं उरतं दोन लिटर. एवढ्यासाठी कोण गाडी पाठवणार? वॉर्डातल्या पन्नास गाड्यांचं एकत्र उचललं आणि बदल्यात ताज्या तेलावर सूट दिली, तर हिशेब जमू शकेल, असं मला वाटतं. काकांना मी तसं बोललोही.

“भंगारवाला रिकामा डबा घेतो,” ते घोळात वडा बुडवत म्हणाले, “तेल घेत नाही.”