एका रुमालापायी फाशीची तरतूद

लंडनच्या अठराव्या शतकातल्या खटल्यांत खिशातून चोरलेला रुमाल सारखा भेटतो. किंमत बहुतेक वेळा दोन-तीन शिलिंग लावलेली, म्हणजे तिथल्या साध्या मजुराची दिवसभराची कमाई. तपकीर ओढणाऱ्यांना डाग लपवायला रंगीत रुमाल लागायचे, त्यात बंगालचे बांधणीचे रेशमी रुमाल सगळ्यात भारी, आणि १७०१ पासून हिंदुस्थानी रेशीम तिकडे वापरायलाच बंदी, त्यामुळे ते चोरट्या मार्गाने यायचे आणि भाव अजून चढायचा. लांब कोटाचे खिसे मागच्या बाजूला, पोराने हात घातला तरी पत्ता लागायचा नाही. नावाची अक्षरं भरलेली असली तर टाके उसवायचे, की रुमाल विकायला मोकळा. हॉबर्नजवळच्या फील्ड लेनमध्ये असे रुमाल दुकानांबाहेर उघड टांगलेले असायचे.

खरा वाद कायद्याचा आहे. १५६५ च्या कायद्याने १२ पेन्सच्या, म्हणजे एका शिलिंगाच्या, वरचा माल खिशातून गुपचूप काढला तर फाशी, आणि "गुपचूप" म्हणजे मालकाला त्या क्षणी कळता कामा नये, कळलं तर तो गुन्हाच लागू होत नाही! ज्युरीतली माणसंही मुद्दाम तीन शिलिंगांचा रुमाल १० पेन्सचा ठरवायची, पोराचा जीव वाचावा म्हणून. मला तर यात त्या कायद्यापेक्षा जास्त न्याय दिसतो. शेवटी १८०८ मध्ये फाशी काढली आणि जन्मभराच्या हद्दपारीपर्यंतची शिक्षा ठेवली. त्यानंतर खटले वाढले, तेव्हा विरोधक म्हणाले बघा, धाक गेला. पण आधी कित्येक लोक एका रुमालासाठी कुणाला फासावर कशाला पाठवा म्हणून तक्रारच करत नव्हते, ते आता कोर्टात यायला लागले, हे त्यांनी मोजलंच नाही. चोऱ्या खरंच किती वाढल्या हे नुसत्या खटल्यांच्या आकड्यांवरून ठरवणं चूकच आहे.

आणि सुधारणा म्हणून जे आलं ते काही मवाळ नव्हतं. रुमालापायी कोवळी पोरं सात-सात, चौदा-चौदा वर्षांसाठी ऑस्ट्रेलियाला गेली, टास्मानियात तर १८३४ मध्ये अशा मुलांसाठी पॉइंट प्युअर नावाचा वेगळा तुरुंगच उघडला. तोवर १८२६ मध्ये परदेशी रेशमावरची बंदी उठली होती, गिरण्यांचं कापड स्वस्त होत चाललं होतं, पुढे फील्ड लेनचा बराचसा भाग नव्या रस्त्यांसाठी पाडला गेला. हद्दपारी मात्र पूर्ण थांबायला १८६८ उजाडलं.