संवादाचा अभ्यास : पुण्यातली जुनी मुळं

पुण्यात संवाद, माध्यमं आणि संस्कृती यांच्या अभ्यासाचा विषय निघाला की लोक आधी फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटचं नाव घेतात. विद्यापीठाचा वृत्तपत्रविद्येचा तिथला विभाग १९६४ सालचा, त्यामुळे ते रास्तच आहे. पण या अभ्यासाचं मूळ तिथे शोधायला गेलं तर हाती थोडंच लागतं. रेडिओ ऐकायला जमलेली गावकरी मंडळी आणि मुळशीच्या डोंगरात दळायला बसणाऱ्या बायका यांच्यापासून सुरुवात केली, तर या अभ्यासाने पुण्यात काय कमावलं ते जास्त स्पष्ट दिसतं. कोणाचं बोलणं अभ्यासाच्या लायकीचं मानायचं, हा यातला कळीचा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर इथे दर दोन-तीन दशकांनी बदलत गेलं.

छापखान्याच्या काळात हा प्रश्न कोणी विचारत नव्हतं. ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ साली सुरू झाला, ‘केसरी’ आणि ‘मराठा’ १८८१ साली, आगरकरांचा ‘सुधारक’ १८८८ साली. त्याआधी १८७७ मध्ये सत्यशोधक चळवळीतल्या कृष्णराव भालेकरांनी पुण्यातूनच ‘दीनबंधू’ काढला होता. वृत्तपत्रांचा इतिहास सांगताना त्याचा उल्लेख अनेकदा एका ओळीत उरकला जातो, याची खंत वाटते. सत्यशोधकांनी तर छापील अंकावरच विसंबून न राहता तमाशाचा साचा उचलला आणि जलसे गावोगाव नेले. अक्षरओळख नसलेल्या माणसापर्यंत विचार पोचवायचा तर त्याच्या ओळखीच्या चालीतून, ढोलकीच्या ठेक्यावर पोचवावा लागतो, हे त्यांना उमगलं होतं. तरीही लिहिला गेला तो मुख्यतः संपादकांचा इतिहास. एकाने अंक मोठ्याने वाचायचा आणि भोवतालच्यांनी ऐकायचा, ही रीत सगळ्यांना माहीत होती. ऐकणारे मग आपसात काय बोलले, हे टिपून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही.

ती नोंद व्हायला १९५६ साल उजाडावं लागलं. आकाशवाणीचं पुणे केंद्र १९५३ च्या २ ऑक्टोबरला सुरू झालं होतं. तिथे युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग ठरला. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांचे गट रेडिओ ऐकून चर्चा करत. तीच कल्पना मराठी मुलखात करून पाहायची होती. पुणे, अहमदनगर, नाशिक, सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावं निवडली गेली. कार्यक्रमांचं काम आकाशवाणीने पाहिलं, मुंबई सरकारची यंत्रणा गावागावांत कामाला लागली आणि पाहणीची जबाबदारी मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने घेतली. संस्थेत त्या वेळी अभ्यागत प्राध्यापक म्हणून आलेले पॉल नॉयरात हे या पाहणीचे प्रमुख होते.

नॉयरात यांच्याविषयी थोडं सांगायला हवं. जन्म १९११ चा, व्हिएन्नाचा. तत्त्वज्ञ ओटो नॉयरात यांचे हे चिरंजीव. डाखाउ आणि बुखेनवाल्ड या नाझी छळछावण्यांत ते कैदी होते. सुटून अमेरिकेत पोचल्यावर छावणीतल्या कैद्यांचा समाज कसा चालतो, याच विषयावर त्यांनी कोलंबिया विद्यापीठात प्रबंध लिहिला. परक्या मुलखातल्या गावकऱ्यांची मतं मोजायला आलेला हा माणूस कोरड्या आकडेमोडीतून घडलेला नव्हता.

प्रयोगाची रचना साधी होती. प्रत्येक गावात वीसेक जणांचं मंडळ. त्यात एक अध्यक्ष, एक चिटणीस. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा. दहा आठवड्यांत असे २० कार्यक्रम झाले. कार्यक्रम संपला की रेडिओ बंद करायचा आणि मंडळाने बोलायला सुरुवात करायची. ऐका, चर्चा करा, कृती करा, असं त्याचं सूत्र. चिटणिसाने झालेली चर्चा आणि शंका लिहून पुण्याला पाठवायच्या आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरं यायची. केंद्रातून गावाकडे जाणारा आवाज गावातून कागदावर उतरून परत केंद्रात येत होता. शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न त्याच्याच रेडिओवर, त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर ऐकू येणं ही त्या काळात केवढी मोठी गोष्ट असेल!

पाहणीत तुलनेसाठी मंडळ नसलेली गावंही घेतली होती. काहींत रेडिओ होता, काहींत तोही नव्हता. निष्कर्ष असा निघाला की मंडळांच्या गावांत माहिती ठळकपणे वाढली. नुसता रेडिओ असलेल्या गावांत फरक जेमतेम होता. यंत्र तेच, आवाज तोच, कार्यक्रम तेच. फरक पडला तो चार माणसं एकत्र बसून बोलल्यामुळे. माध्यम म्हणजे सुई आणि श्रोता म्हणजे दंड, टोचलं की औषध भिनतं, अशी जी समजूत होती ती पुणे केंद्राच्या परिसरातल्या गावांनी मोडीत काढली. नॉयरात यांचा अहवाल प्रसिद्ध झाला, १९५९ पासून ही योजना देशभर न्यायला सुरुवात झाली आणि विकास-संवादाच्या, म्हणजे विकासासाठी माध्यमं कशी वापरावीत याच्या, जगभरच्या अभ्यासात ‘पूना’ हे नाव कायमचं जाऊन बसलं. पुण्यात मात्र या प्रयोगाची आठवण फारशी निघत नाही. माध्यमं शिकणाऱ्या इथल्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो पहिल्याच वर्षी शिकवला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

या प्रयोगाची मर्यादा त्या काळाचीच होती. संध्याकाळी रेडिओभोवती बसून तासभर बोलायची मोकळीक गावात प्रामुख्याने पुरुषांना. बाई त्या वेळी चुलीपुढे असायची.

पुढची दोन दशकं पुण्यात चित्रपटाची. प्रभातच्या जुन्या आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट आली आणि १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं. पी. के. नायर यांनी देशभरातून रिळं गोळा केली, सतीश बहादूर यांनी चित्रपट कसा पाहावा हे शिकवण्याची परंपरा उभी केली आणि चित्रपट हा अभ्यासाचा ऐवज ठरला. २००३ च्या जानेवारीत लागलेल्या आगीत जुन्या नायट्रेट रिळांचा मोठा साठा जळाला. ते नुकसान भरून येणारं नाही. तिकडे डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे यांनी १९३९ पासून मानवशास्त्राचा पाया घातला होता आणि त्याच आवारात भाषाशास्त्र, पुरातत्त्व यांची माणसं काम करत होती. एका विषयाच्या माणसाने दुसऱ्या विषयात डोकावण्याची सवय या शहराला अशी जुनीच आहे.

या सवयीचं सगळ्यात मोठं फळ म्हणजे जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प. हेमा राईरकर आणि फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थायिक झालेले गी पॉइतवाँ यांनी पुण्यात सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस ही संस्था उभी केली. मुळशी आणि आसपासच्या डोंगरी भागात गरीब डोंगरी संघटनेचं काम चालू होतं. त्या कामात बायकांशी बोलताना ओव्या पुढे आल्या आणि ऐंशीच्या दशकापासून त्या गोळा होऊ लागल्या.

पहाटे, घर जागं होण्याआधी, दोघीजणी समोरासमोर बसून खुंटा धरायच्या. एकीने ओवी सुरू करायची, दुसरीने उचलायची. माहेर, भाऊ, सासुरवास, विठोबा, सीतेचा वनवास, बाबासाहेब. ज्या गोष्टी दिवसाउजेडी बोलायची सोय नव्हती त्या जात्याच्या घरघरीत बोलल्या जायच्या. ऐकणारी तीही दळणारीच. वर्तमानपत्र, रेडिओ, सिनेमा यांच्यात न मावणारं हे संवादाचं साधन कित्येक पिढ्या बायकांनी स्वतःच्या हाताने चालवलं. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा हाताचे कष्ट वाचले, हे चांगलंच झालं. पण जात्याबरोबर ओवीची जागाही गेली.

या प्रकल्पाचं मोठेपण मला संकलनाच्या पद्धतीत दिसतं. ओव्या जमवणाऱ्यांत गावातल्याच कार्यकर्त्या बायका होत्या. ओवीचा अर्थ काय, ती कधी म्हणायची, कोणापुढे म्हणायची नाही, हे त्यांच्याबरोबर बसून ठरत गेलं. हजाराहून अधिक गावांतून १ लाखाच्या वर ओव्या हाताने लिहून घेतल्या गेल्या. विषयवार वर्गीकरण झालं, गाणारीचं नाव आणि गाव नोंदलं गेलं. संगीताचा अभ्यास आणि संगणक या दोन्हींत मुरलेले बर्नार बेल नव्वदच्या दशकात या कामात आले. १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रण झालं. समाजशास्त्र, लोकसाहित्य, संगीत आणि संगणक यांची एकाच कामात इतकी घट्ट वीण क्वचितच पाहायला मिळते.

पॉइतवाँ २००४ साली गेले, हेमाताई २०१० साली. पॉइतवाँ, बेल आणि इतर अभ्यासकांनी मिळून संपादलेल्या, संवादप्रक्रियांवरच्या इंग्रजी मालिकेचा पहिला खंड २००५ मध्ये आला. पुढे आणखी दोन निघाले. समाजाच्या तळाशी असलेल्या माणसांच्या खुणा, कथा, गाणी हीदेखील माध्यमंच आहेत आणि प्रसारमाध्यमांच्या बरोबरीने त्यांचा विचार व्हायला हवा, हा त्यामागचा आग्रह. २०१७ पासून या ओव्या ‘पारी’ म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडियावर क्रमाने येत आहेत, भाषांतरासह. जिथे शक्य झालं तिथे गाणाऱ्या बाईला पुन्हा भेटून तिचं गाणं आणि बोलणं चित्रित केलं गेलं, आणि ओवीबरोबर तिचं नाव, तिचं गावही तिथे वाचायला मिळतं.