जुना फोटो पाठवण्याआधी त्याची पाठ बघा

जुन्या फोटोंतली माणसं आणि काळ ओळखणं हे आमचं काम. फोटो टेबलावर ठेवल्या ठेवल्या ग्राहक विचारतात, "हे कोण असतील?" आम्ही मात्र आधी "हा कधीचा?" हे शोधतो. काळ ठरला की निम्मी नावं आपोआप गळतात: काही जण तोवर जन्मलेलेच नसतात, काही आधीच गेलेले असतात.

फोटो कशावर आहे?

डबीत काचेखाली बसवलेला, आरशासारखा चमकणारा, तिरका धरला की काळ्याचं पांढरं होणारा फोटो म्हणजे डॅगेरोटाइप. ही पद्धत १८३९ मध्ये जाहीर झाली आणि १८६० च्या सुमारास मागे पडली. मागून हलकेच धरलेलं लोहचुंबक ओढलं गेलं, तर तो टिनटाइप. नावात टिन असलं तरी पत्रा लोखंडाचा. त्याचं अमेरिकन पेटंट १८५६ चं, पण फिरते फोटोग्राफर विसाव्या शतकातही टिनटाइप काढत होते. म्हणून नुसत्या पत्र्यावरून साल सांगता येत नाही. या दोन्ही प्रकारांत डावं-उजवं सहसा उलटं उमटतं, तेव्हा अंगठी भलत्याच हातात दिसली तर लगेच निष्कर्ष काढू नका.

आमच्याकडे सर्वांत जास्त येतात ते पुठ्ठ्यावर चिकटवलेले कागदी फोटो. पुठ्ठा साधारण ६ बाय १० सेंटिमीटर असेल तर ते कार्त द व्हिझित. दिस्देरी या फ्रेंच फोटोग्राफरनं १८५४ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, पण खरी लाट आली १८६० च्या दशकात. ११ बाय १६.५ सेंटिमीटरचं कॅबिनेट कार्ड १८६६ च्या सुमारास आलं. पातळ पुठ्ठा आणि टोकदार कोपरे बहुधा आधीचे. जाड पुठ्ठा, गोल कोपरे बहुधा नंतरचे. छोट्या कार्डावर माणूस नखशिखांत उभा आणि पायाखाली भरपूर जमीन असेल तर १८६० चं दशक आधी तपासा. पुढे पुढे चेहरे मोठे होत गेले.

पोस्टकार्डावर छापलेला फोटो असेल तर मागची उभी रेघ बघा. एका बाजूला पत्ता, दुसऱ्या बाजूला मजकूर अशी विभागणी ब्रिटनमध्ये १९०२ पासून आणि अमेरिकेत १९०७ पासून चालू लागली. रंगीत फोटोच्या पांढऱ्या कडेवर छापलेला महिना-साल मात्र प्रिंट तयार झाल्याचा असतो. रोल कॅमेऱ्यात कित्येक महिने पडून राहिलेला असू शकतो.

पाठीवरचा मजकूर

स्टुडिओचं नाव आणि पत्ता हा सोन्यासारखा पुरावा. स्टुडिओ जागा बदलत, भागीदार बदलत. जुन्या व्यावसायिक सूचींत आणि वर्तमानपत्री जाहिरातींत त्या पत्त्याची वर्षं सापडतात. स्टुडिओनं पाठीवर छापून मिरवलेल्या, प्रदर्शनांत मिळालेल्या पदकांत १८८९ चं पदक असेल तर तो पुठ्ठा त्याआधी छापलेला असूच शकत नाही.

हातानं लिहिलेल्या नावांवर मात्र आम्ही चटकन विश्वास ठेवत नाही. समजा, मागे बॉलपेननं "पणजोबा, १८९५" असं लिहिलं आहे. बॉलपेन बाजारात आलं १९४० च्या दशकात. म्हणजे ती ओळ निदान पंचेचाळीस वर्षांनी, कुणाच्या तरी आठवणीवरून लिहिलेली. ती खरी असेलही, पण ती साक्ष आहे, निकाल नव्हे.

कपडे आणि माणसं

कपड्यांवरून काळ ठरवताना आजीकडे नव्हे, तरुण मुलीकडे बघा. म्हातारी माणसं वीस वर्षांपूर्वीची फॅशन बिनदिक्कत वापरतात. युरोपीय पोशाखातल्या प्रचंड फुगलेल्या बाह्या १८९५ च्या आसपास शिगेला पोहोचल्या; तशा बाह्या तरुणीच्या अंगावर असतील तर शोध बराच आवळता येतो. फोटोतली सर्वांत नवी वस्तू फोटोचं सर्वांत आधीचं शक्य साल ठरवते, जुनी वस्तू काहीच ठरवत नाही. आणि स्टुडिओतली खुर्ची, पडदा, कधी कधी कोटसुद्धा स्टुडिओचाच असायचा, घरचा नव्हे.

नावं जुळवायला मुलं फार उपयोगी. चार भावंडांची अंदाजे वयं लिहा, त्यांतली अंतरं जन्मनोंदी किंवा जनगणनेतल्या कुटुंबाशी ताडून पाहा. मोठ्या माणसाच्या वयाचा अंदाज दहा वर्षांनी चुकतो, तान्ह्या बाळाचा फारसा चुकत नाही. "नाक अगदी आत्यासारखं" हा पुरावा आम्ही धरत नाही, आणि चेहरे जुळवणाऱ्या ॲपचा निकालही एकट्यानं धरत नाही. सख्खी भावंडं अशा ॲपना सहज फसवतात.

आमच्याकडे पाठवताना

दोन्ही बाजू, पुठ्ठ्याच्या कडांसकट, ६०० डीपीआयवर (म्हणजे इंचामागे ६०० ठिपके) स्कॅन करा आणि शेजारी मोजपट्टी ठेवा. अल्बममधून फोटो उचकटू नका. आधी अख्ख्या पानाचा फोटो काढा, कारण शेजारी कोण लावलंय यातूनही पुष्कळ कळतं. कडा कापू नका. घरात ऐकलेली माहिती वेगळ्या कागदावर लिहा आणि ती कुणी सांगितली तेही लिहा. एकाच फोटोच्या दोन प्रती असतील तर दोन्ही पाठवा: जुन्या फोटोचा पुन्हा काढलेला फोटो नेहमी येतो, आणि तेव्हा कागदाचं वय एक आणि चेहऱ्याचं दुसरंच निघतं.

उत्तरात आम्ही एकच साल देत नाही. "१८८८ ते १८९४" असा पट्टा आणि त्यामागची कारणं देतो. नावापुढे "नक्की", "बहुधा" किंवा "शक्य" यांपैकी एक शब्द असतो. नोंदी सापडल्या नाहीत तर नावाची जागा कोरी ठेवतो.