जबलपूर ते पिसदुरा : मध्य भारतातील डायनोसॉरच्या शोधाची पार्श्वभूमी

विल्यम स्लीमन हे नाव आपल्याकडे ठगांच्या बंदोबस्तामुळे ठाऊक आहे. परंतु भारतातील डायनोसॉरच्या अभ्यासाची सुरुवातही त्यांच्यापासूनच होते, हे सहसा सांगितले जात नाही. १८२८ मध्ये जबलपूरच्या छावणीजवळील बडा शिमला टेकडीवर त्यांना अश्मीभूत हाडे सापडली. ‘डायनोसॉर’ ही संज्ञाच रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये रूढ केली असल्याने ती हाडे कोणाची, हा प्रश्न तेव्हा नीट मांडताही येण्यासारखा नव्हता. हाडे कलकत्त्यास गेली आणि १८७७ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी शेपटीच्या मणक्यांवरून त्या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असे नाव दिले.

आधार तुटपुंजा होता. तरीही पुढे जगभर सापडलेल्या लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरच्या एका प्रचंड गटाला याच नावावरून ‘टायटॅनोसॉर’ म्हटले जाऊ लागले. लिडेकर यांना या मणक्यांत जे वेगळेपण जाणवले, ते कालांतराने अनेक प्रजातींत आढळले, त्यामुळे २००३ मध्ये जेफ्री विल्सन आणि पॉल अपचर्च यांनी मूळ प्रजातीचे नाव ग्राह्य धरता येत नाही, असा निर्णय दिला. गटाचे नाव मात्र टिकले. गंमत म्हणजे हरवला असे मानला गेलेला मूळ मणका २०१२ मध्ये कोलकात्यातच, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात मिळाला.

जबलपूरची ही हाडे ज्या लमेटा खडकांतील आहेत, ते दख्खनच्या लाव्हाच्या थरांखाली आणि काही ठिकाणी थरांमध्ये दडलेले असून विदर्भातही उघडे पडले आहेत. चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगाव येथे कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात जो सांगाडा उकरून काढला, त्यात कवटी व मागचे पाय नसले तरी मान, पाठ, खांदा, कंबर आणि पुढचा पाय होता. शेपटीच्या मणक्यांवर विसंबण्याची वेळ येथे आली नाही. १९९७ मध्ये त्याची नोंद टायटॅनोसॉरसची एक प्रजाती म्हणून झाली. २००३ मध्ये, जुने नाव बाद झाल्यावर, त्याला संस्थेच्या ‘आयएसआय’ (ISI) या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘इसिसॉरस’ म्हटले गेले.

माझ्या मते विदर्भातील अधिक मोलाचा ठेवा याच जिल्ह्यातील पिसदुरा येथे आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकातच तेथील जीवाश्म गोळा केले होते. हाडांखेरीज तेथे टायटॅनोसॉरची मानली जाणारी अश्मीभूत विष्ठाही विपुल मिळते, आणि तिच्यात वंदना प्रसाद व सहकाऱ्यांना गवतांच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण आढळले. हे संशोधन २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. तोवर गवतांचे वैविध्य डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरचे मानले जात असे. पिसदुऱ्याच्या नमुन्यांत निदान पाच प्रकारची गवते निघाली, जरी त्या प्राण्यांच्या एकूण आहारात गवताचा वाटा अल्पच होता.