पार्श्वभूमी : वेब्लीचं .४५५ आणि बोअर उतरवण्याचा निर्णय

जुन्या, अंगापिंडाने मोठ्या रिव्हॉल्व्हरांच्या शौकिनांत वेब्ली या ब्रिटिश बनावटीला वेगळा मान आहे. ब्रिटिश सैन्याने पहिलं मॉडेल १८८७ मध्ये घेतलं, सहावं मॉडेल, म्हणजे मार्क सहा, १९१५ मध्ये आलं. मधल्या मॉडेलांचे बारकावे संग्राहकांनी बघावेत. कळ दाबून नळी खाली मोडली की सगळ्या पुंगळ्या एकदम बाहेर. एवढ्यावरच अनेक जण भाळतात.

खरी ओढ मात्र बोअरची, म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाची, जो इंचात मोजतात. .४५५ ची शिशाची गोळी सुमारे १७ ग्रॅमची, वेग सेकंदाला जेमतेम १९० मीटर. आजच्या ९ मिमीशी ताडून पाहिलं तर वेग निम्मा, वजन दुप्पट. १८९८ मध्ये पोकळ टोकाची गोळीही आली होती. शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांवर बंदी घालणाऱ्या १८९९ च्या हेग परिषदेनंतर ती सैन्यातून काढली गेली.

पहिल्या महायुद्धानंतर .३८ वर उतरायचं ठरलं, आणि वाद इथूनच सुरू होतो. कारण असं दिलं गेलं की मार्क सहा किलोभराहून जड, नवख्या शिपायाला थोड्या दिवसांत त्यावर हात बसत नाही. शिवाय १३ ग्रॅमची, बोथट, संथ .३८ गोळी .४५५ च्या तोडीचं काम करते असा दावा होता. तो घटकाभर मान्य करू. पण मऊ शिसंही पसरतं असा आक्षेप येईल, या हेगच्याच धास्तीने १९३८ मध्ये ती शिशाची गोळी जाऊन साडेअकरा ग्रॅमची धातूचं कवच असलेली आली. म्हणजे जिच्या भरवशावर बोअर उतरवलं, तीच गेली. बोअर मात्र परत चढलं नाही. त्याच वर्षी एनफिल्डच्या, म्हणजे सरकारी कारखान्यातल्या नव्या .३८ रिव्हॉल्व्हरच्या घोड्याचं बोटाने ओढायचं टोकही छाटलं, कारण रणगाड्यात ते कुठेकुठे अडकायचं. मग दर बाराला चाप जोर लावूनच ओढायचा. एनफिल्डची रचना आपलीच उचलली म्हणून वेब्ली कंपनीने भरपाई मागितली. दुसऱ्या महायुद्धानंतर हाती पडले १,२५० पौंड. त्या युद्धात रिव्हॉल्व्हरांचा तुटवडा पडला तेव्हा जुनी .४५५ पुन्हा वाटावी लागलीच.

युद्धानंतर अमेरिकेत गेलेल्या बऱ्याच वेब्लींचे सिलिंडर मागून घासून .४५ पिस्तुलाच्या काडतुसाजोगे केले गेले. त्या काडतुसाचा दाब या रिव्हॉल्व्हरला झेपणारा नाही. न घासलेल्याला आज जास्त भाव आहे तो यामुळे.

आपल्याकडे १९६२ च्या शस्त्र नियमांनी .४५५ आणि .३८० (म्हणजे वरचंच लष्करी .३८) दोन्ही निषिद्ध बोअरमध्ये टाकली. सामान्य परवानाधारकाच्या वाट्याला आलं ते बत्तीस बोअर. कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं .३२ रिव्हॉल्व्हर वेब्लीच्याच .३८ च्या घडणीवर बेतलेलं. अलीकडे उत्तर प्रदेशातल्या संडीला इथे खुद्द वेब्लीच्या नावाने उत्पादन सुरू झालं, तेही .३२ मध्येच.